शेततळ्यात मासे किती उरले, आणि ते काढायचे कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 30 बाय 30 मीटरचे, 3 मीटर खोल, प्लास्टिक अस्तराचे शेततळे आहे. ऑगस्टअखेर त्यात कटला 400, रोहू 300 आणि मृगळ 300 अशी 1,000 बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली. आजवर शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा मिळून सुमारे 500 किलो खाद्य गेले. मेलेले मासे फारसे दिसले नाहीत. आता मार्चमध्ये पाणी 2 मीटरवर आले आहे, डाळिंबाला ते लागणारच आहे, आणि एक व्यापारी अख्खे तळे उक्ते 14,000 रुपयांना मागतो आहे. मासे नेमके किती आहेत हे कसे ओळखायचे आणि सगळे बाहेर कसे काढायचे, हे तुम्हाला हवे आहे.

आधी एक गाठ सोडवू. मासळी वजनावर विकणार असाल तर नग मोजायची गरजच नाही, काट्यावर जे येईल ते येईल. मोजणीची गरज दोनच वेळा पडते: उक्ता व्यवहार करताना, आणि मासे अजून दोन-तीन महिने ठेवायचे असतील तेव्हा, म्हणजे खाद्य किती टाकायचे आणि उरलेल्या पाण्यात किती मासळी तगेल हे ठरवताना. दोन्ही वेळा "अचूक किती" हा प्रश्न नसतो. "कमीत कमी किती धरून चालावे" हा असतो. उक्त्या व्यवहारात नुकसान होते ते हा खालचा आकडा माहीत नसल्यामुळे, आणि व्यापाऱ्याला तो साधारण माहीत असतो.

वरचा आकडा तुमच्याकडे आहेच. कटला, रोहू, मृगळ साठलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातले वाहते पाणी लागते. त्यामुळे सोडल्यापासून तुमची संख्या फक्त घटत आली आहे, वाढलेली नाही. बियाण्यात सायप्रिनस (कॉमन कार्प) किंवा चिलापी (तिलापिया) मिसळून आली असेल तर मात्र हे लागू नाही. सायप्रिनस तळ्यात वीण घालतो आणि चिलापी तर थांबतच नाही. जाळ्यात बोटभर चिलापी दिसली की पुढचे सगळे हिशेब फक्त मोठ्या कार्प माशांपुरते (कटला, रोहू, मृगळ) करा, चिलापी वेगळी धरा.

हे 1,000 सुद्धा पक्के धरू नका. बोटुकली एकेक करून मोजत नाहीत. वाटीने किंवा गाळणीने मापतात, दोन-चार वाट्या मोजून सरासरी काढतात आणि पुढे वाट्या मोजतात. गाळणीत पाणी किती राहिले यावर शंभरात पाच-दहाचा फरक सहज पडतो. त्यानंतरची मोठी घट पहिल्या दोन आठवड्यांतली असते. प्रवासाचा ताण, पिशवीतल्या आणि तळ्यातल्या पाण्याच्या तापमानातला फरक, हाताळताना निघालेले खवले, सगळे तेव्हाच भोवते. दोन इंचाची बोटुकली मेली तर ती तळाशी जाते, कुजते किंवा खाल्ली जाते, वर तरंगून तुमची वाट बघत नाही. बगळा, पाणकावळा, खंड्या आणि दिवड यांचा वाटा वेगळाच. म्हणून "मेलेले दिसले नाहीत" याला पुरावा मानू नका. अर्धा किलोचा मासा मेला तर दिसतो, बोटुकली दिसत नाही. चार इंचांच्या वरचे बी असेल आणि वर पक्ष्यांची जाळी असेल तर शंभरातली 75-80 टिकतात. दोन इंचांचे बी उघड्या तळ्यात सोडले असेल तर निम्मी राहिली तरी चांगले म्हणायचे. तुम्ही बियाण्याचा आकार लिहिलेला नाही, म्हणून 500 ते 800 एवढेच म्हणता येते. आता ही रुंदी कमी करायची.

फेक जाळ्याने संख्या काढायचा प्रयत्न बरेच जण करतात. जाळ्याचा घेर मोजायचा, एका फेकीत किती मासे आले ते पाहायचे आणि तळ्याच्या क्षेत्राने गुणायचे. ऐकायला बरोबर वाटते, पण छोट्या तळ्यात फसते. 2 मीटर त्रिज्येचे जाळे पूर्ण उघडले तर साडेबारा चौरस मीटर झाकते. 2 मीटर पाणी असताना, बाजूंचा उतार 1:1 धरला तर, तुमच्या तळ्याचा पृष्ठभाग 28 बाय 28, म्हणजे 784 चौरस मीटर आहे. एक फेक म्हणजे तळ्याचे दीड टक्का, आणि तेही जाळे तळाला पोचेपर्यंत मासा तिथेच थांबला तर. कटला वरच्या थरात, रोहू मध्ये आणि मृगळ तळाशी असतो, सावली पडली की कटला बाजूला होतो. खाद्याच्या जागी टाकले तर दहापट आकडा येतो, मधोमध टाकले तर शून्य. फेक जाळे वजनाचा नमुना घ्यायला वापरा, मोजायला नको. वजनासाठीही केवळ खाद्याच्या जागचे मासे घेऊ नका, तिथे दांडगे आधी येतात आणि सरासरी फुगते.

वजनाचा नमुना मात्र नीट घ्या, कारण निम्मा हिशेब त्यावर उभा आहे. प्रत्येक जातीचे 25-30 मासे तीन-चार ठिकाणांहून, शक्यतो ओढ जाळ्याने घ्या. पाणी निथळणाऱ्या जाळीच्या पिशवीत दहा-दहा एकत्र तोला, पिशवीचे वजन वजा करा. आलेल्यातले लहान परत सोडून उरलेल्यांची सरासरी काढायची नाही. तुमच्या तळ्यात सात महिन्यांनी कटला 450, रोहू 350, मृगळ 300 ग्रॅम आहे असे धरून मी पुढे चालतो, तुम्ही तुमचे आकडे घाला. सोडलेल्या प्रमाणातच तिन्ही टिकले असतील तर सरासरी मासा 375 ग्रॅमच्या आसपास येतो.

आता खाद्याचा ताळा. मातीच्या तळ्यात शेण-खत टाकून नैसर्गिक अन्न भरपूर होते. प्लास्टिकच्या तळ्यात तळाची माती नाही, म्हणून ते कमी असते आणि मासा जास्त करून तुमच्या पेंडीवर वाढतो. पेंड-कोंड्यावर एक किलो मासळी तयार व्हायला अशा तळ्यात साधारण अडीच ते साडेतीन किलो खाद्य लागते. मिश्रण किती भिजवले, वाया किती गेले, थंडीत पाणी 20 अंशांच्या खाली गेल्यावरही तेवढेच टाकत राहिलात का, यावर ते बदलते. तुमचे 500 किलो म्हणजे 140 ते 200 किलो मासळी. सरासरी 375 ग्रॅमने भागले तर 380 ते 530 मासे. हा कच्चा हिशेब आहे, पण फुकटचा आहे, आणि "माझ्या तळ्यात 900 मासे आहेत" हा समज तो लगेच खोडतो. सरासरी 375 ग्रॅमचे 900 मासे म्हणजे 337 किलो झाले. 500 किलो पेंड-कोंड्यात प्लास्टिकच्या तळ्यात एवढे होत नाहीत.

खात्रीचा मार्ग म्हणजे खूण करून पुन्हा पकडणे. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चपट्या समुद्री माशांना खुणा लावून हा विचार रुजवला आणि 1930 मध्ये अमेरिकेत पक्षी-अभ्यासक लिंकन यांनी तोच बदकांना लावला. तत्त्व सरळ आहे: काही मासे पकडून खूण करायची, मोजून सोडायचे, ते बाकीच्यांत मिसळू द्यायचे. मग पुन्हा मासे पकडायचे आणि त्यात खुणेचे किती ते बघायचे. दुसऱ्या पकडीतले खुणेवाल्यांचे प्रमाण हेच सगळ्या तळ्यातले प्रमाण.

सूत्र संख्याशास्त्रज्ञ चॅपमन यांचे वापरा, ते लहान आकड्यांना बरे पडते. पहिल्यांदा खूण करून सोडलेल्यांत एक मिळवा, दुसऱ्यांदा पकडलेल्यांत एक मिळवा, दोहोंचा गुणाकार करा. दुसऱ्या पकडीत सापडलेल्या खुणेवाल्यांत एक मिळवून त्याने भागा आणि शेवटी एक वजा करा. समजा 120 खूण करून सोडले, नंतर 130 पकडले, त्यात 24 खुणेचे निघाले. 121 गुणिले 131 म्हणजे 15,851, भागिले 25 म्हणजे 634, वजा 1, म्हणजे 633.

पण या एका आकड्यावर थांबू नका. त्याची चूक किती असू शकते तेही याच आकड्यांतून निघते. इथे प्रमाणित त्रुटी (अंदाज साधारण किती चुकू शकतो ते माप) सुमारे 100 येते, म्हणजे दोन्ही बाजूंना दुप्पट धरून खरी संख्या 430 ते 830 मध्ये कुठेही असू शकते. एवढी मेहनत करून एवढी रुंदी पाहिल्यावर लोक हिरमुसतात. तरी 24 खुणेवाले सापडणे हे चांगलेच झाले. 80 खूण केले, 90 पकडले आणि 11 सापडले, तर आकडा 613 येतो पण रुंदी 320 ते 900 होते, म्हणजे काहीच कळले नाही. सात-आठपेक्षा कमी खुणेवाले सापडले तर तो आकडा वहीत लिहूसुद्धा नका. आधीच अंदाज घ्यायचा असेल तर खूण केलेले गुणिले दुसऱ्यांदा पकडायचे, भागिले अपेक्षित एकूण मासे. एवढे खुणेवाले सापडतील. 600 माशांच्या तळ्यात 25 हवे असतील तर दोन्ही वेळा सव्वाशेच्या आसपास मासे हाती लागायलाच हवेत. हे ओढ जाळ्यानेच होते, गळाने किंवा फेक जाळ्याने नाही. तिन्ही जातींचा वेगळा हिशेब करावा हे खरे, कारण कटला सहज येतो आणि मृगळ येत नाही, पण 600 माशांत जातवार पुरेसे खुणेवाले मिळत नाहीत. मिळाले तर करा.

खूण म्हणजे पोटावरच्या डाव्या पराचे टोक, वरचा एक तृतीयांश भाग, लहान धारदार कात्रीने तिरपा कापणे. मुळापर्यंत जायचे नाही. छातीजवळचे पर आणि शेपटी यांना हात लावू नका, पोहणे त्यांच्यावर चालते. कापलेला पर काही आठवड्यांत भरून येतो, म्हणून हे काम महिनाभर लांबवू नका. हात ओले, मासा ओल्या गोणपाटावर, पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नाही. कापल्यावर 10 लिटर पाण्यात 200 ते 300 ग्रॅम खडे मीठ विरघळवलेल्या टबात मिनिटभर, आणि तिथून तळ्यातच बांधलेल्या हाप्यात (जाळीच्या कप्प्यात). दोन-तीन तास हाप्यात ठेवा. जे कलंडले, तरंगले किंवा खवले गेले ते बाहेर काढा आणि मोजणीतून वगळा. हिशेबात धरायचे ते हाप्यातून धडपणे पोहत बाहेर गेलेले. सकाळी ऊन चढण्याच्या आधी उरका. मार्च-एप्रिलच्या दुपारी हे काम केले तर खुणेवाले तुम्हीच मारता.

सोडताना एका कोपऱ्यात सोडू नका, चारही बाजूंना विभागून सोडा. मग चार ते सात दिवस थांबा. दुसऱ्याच दिवशी त्याच बाजूला जाळे टाकले तर तेच मासे परत येतात, खुणेवाले जास्त सापडतात आणि संख्या खऱ्यापेक्षा कमी निघते. उलट बाजूच्या चुका जास्त घडतात. खुणेवाले सोडल्यानंतर मेले, किंवा एकदा पकडले गेल्यामुळे जाळ्याला बिचकू लागले, किंवा घाईत पर नीट तपासला गेला नाही, तर खुणेवाले कमी सापडतात आणि संख्या फुगते. माझा अनुभव असा, की शेततळ्यात हा आकडा कमी येण्यापेक्षा जास्तच येतो. रोहू एकदा जाळ्यात सापडला की पुढच्या वेळी जाळ्याच्या वरच्या, तरंगणाऱ्या बोयांच्या दोरीवरून उडी मारतो, मृगळ खालच्या शिशाच्या दोरीखालून निसटतो. म्हणून 430 ते 830 मधला वरचा निम्मा भाग मी मनातून खोडतो.

आता तिन्ही धागे एकत्र धरा. सोडलेल्यांवरून 500 ते 800, खाद्यावरून 380 ते 530, वरच्या उदाहरणातल्या खुणेवरून 430 ते 830 आणि तोही फुगलेला. तिन्ही जिथे एकमेकांवर पडतात ती जागा 500 ते 530. उक्त्या बोलणीसाठी मी त्याखाली उतरून 450 धरीन. 450 गुणिले 375 ग्रॅम, म्हणजे 170 किलोच्या जवळपास. बांधावर किलोला 100 रुपये मिळतात असे धरले तर 17,000. व्यापारी 14,000 म्हणतो त्यात जाळे, माणसे, बर्फ आणि गाडी त्याची असेल तर त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. जाळे आणि माणसे तुमची असतील तर तो आकडा नाकारा. माझे मत विचाराल तर उक्ते देऊच नका, वजनावर द्या. व्यापाऱ्याला अनिश्चितीचा मोबदला लागतो आणि तो तुमच्या खिशातून जातो. स्वतःचा इलेक्ट्रॉनिक काटा बांधावर ठेवा, रिकाम्या कॅरेटचे वजन आधी घ्या, मासे निथळल्यावरच तोला, आणि पाण्यापोटी कट्टी (वजनातली वजावट) किती धरायची ते आधी बोलून ठेवा. भांडणे तिथेच होतात.

खरे तर एवढ्या लहान तळ्यात खूण करून पकडण्याचे काम दोन दिवसांच्या मजुरीचे आहे, आणि दुसऱ्यांदा जाळे ओढताना तुम्ही निम्मी काढणी केल्यासारखेच असता. लगेच सगळे काढणार असाल तर ते करू नका. मासे जूनपर्यंत ठेवायचे असतील तर करा. ठेवावेत का? एप्रिल-मेचे पाणी कार्प माशांना वाढीसाठी उत्तम असते, खाद्य नीट दिले तर दिवसाला दोन-अडीच ग्रॅम वाढ धरता येते. दोन महिन्यांत 375 चा 500-525 होतो, आणि अर्धा किलोच्या वरच्या माशाला दर वेगळा मिळतो. पण पाणीही तेव्हाच उतरते. पाणी 1 मीटरवर आले की पृष्ठभाग 26 बाय 26, पावणेसात गुंठ्यांच्या आसपास राहतो. त्यात 450 मासे सव्वापाचशे ग्रॅमचे म्हणजे 236 किलो, हेक्टरी साडेतीन टन. वायुवीजन (पाण्यात हवा खेळवणे) न करता ही जवळपास शेवटची मर्यादा आहे. एखाद्या ढगाळ, वारा पडलेल्या रात्री सगळे जाऊ शकतात. म्हणून माझा सल्ला असा, की एप्रिलच्या सुरुवातीला मोठे कटले निवडून 60-70 किलो काढा आणि बाकी ठेवा. मेअखेरपर्यंत दीड मीटर पाणी टिकणार असेल तरच. टिकणार नसेल तर आत्ताच सगळे काढा, 375 ग्रॅमचा दर कमी मिळाला तरी.

निवडून काढायला अडकवणारे जाळे लावा. आस, म्हणजे जाळ्याच्या डोळ्याचा आकार, ताणून मोजायचा: 80 मिलिमीटर आसात साधारण 400 ग्रॅमचा मासा अडकतो, 110 मध्ये किलोभराचा. कटल्याचे डोके मोठे आणि अंग रुंद, त्यामुळे त्याच आसात तो थोडा लहान असतानाच अडकतो. 600 ग्रॅमच्या वरचे कटले हवे असतील तर 90 पेक्षा मोठा आस घ्या. जाळे रात्रभर ठेवू नका. अडकलेला मासा गुदमरून मरतो, मांस मऊ पडते. संध्याकाळी लावून तास-दीड तासाने काढा, किंवा पहाटे लावा.

पूर्ण काढणीसाठी ओढ जाळे. त्याची लांबी तळ्याच्या पाण्याच्या रुंदीच्या दीडपट, म्हणजे 40 मीटर, आणि उंची पाण्याच्या खोलीच्या दीडपट. आस 25-30 मिलिमीटर पुरे, म्हणजे मासे अडकत नाहीत, फक्त घेरले जातात. आधी पाणी 1.2 मीटरपर्यंत खाली आणा. 2 मीटरवरून 1.2 वर यायला सुमारे 590 घनमीटर, म्हणजे जवळजवळ 6 लाख लिटर उपसावे लागते. सेकंदाला 10 लिटर फेकणाऱ्या पंपाला साडेसोळा तास. शेतीची वीज सलग मिळत नाही, म्हणून दोन दिवस धरा आणि हे पाणी बागेच्या पाळीत बसवा. फूटव्हॉल्व्हला (पंपाच्या पाण्यातल्या तोंडाला) बारीक जाळीचा पिंजरा बांधा, नाहीतर मृगळ तिथे चिकटतात. पाणी कमी करून दोन-तीन दिवस थांबायचे नाही. उथळ पाणी दुपारी तापते आणि पहाटे प्राणवायू संपतो. उपसा संपला की दुसऱ्या सकाळी जाळे. खाद्य आदल्या दिवशी बंद करा. पोट रिकामे असले की मासा कमी प्राणवायू वापरतो आणि बर्फात जास्त टिकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचे, ते वेळापत्रकात कुठेही बसत नाही म्हणून इथे सांगतो. ओल्या प्लास्टिकच्या उतारावर माणूस वर चढू शकत नाही. पोहता येणारासुद्धा दमून बुडतो. पाण्यात उतरण्याआधी चारही बाजूंना गाठी मारलेले जाड दोर काठावरच्या पक्क्या खुंटांना बांधून तळापर्यंत सोडा, दोरशिडी असेल तर उत्तम. दोन माणसे काठावर फक्त बघायला, हवा भरलेल्या ट्यूबसह. एकट्याने कधीच नाही, सकाळी नुसते जाळे सोडवायलाही नाही.

अस्तरासाठी काळजी वेगळी. शिशाच्या दोरीला टोकदार काही नको. शिसे दोरीच्या आत शिवलेले किंवा गुळगुळीत गोळ्यांचे असावे. बांबू आपटून मासे हाकलायची सवय असलेली माणसे 500 मायक्रॉनचे अस्तर फाडतात, त्यांना आधीच सांगा. आत अनवाणी उतरा. जाळे एका बाजूकडून समोरच्या बाजूला ओढताना शिशाची दोरी बोयांच्या थोडी पुढे राहिली पाहिजे, म्हणजे पोटाचा भाग मागे फुगतो आणि मासा खालून जात नाही. मातीच्या तळ्यात मृगळ चिखलात दबतो. इथे चिखल नसला तरी अस्तराच्या घड्या आणि मधे साचलेला गाळ आहे. तिथे दोरी उचलली की सगळे खालून जातात, म्हणून घडीजवळ एक माणूस पायाने दोरी दाबत चालावा. शेवटी जाळे कोपऱ्यात नाही, सरळ बाजूला आणा. कोपऱ्यात दोरीची दोन टोके नीट जुळत नाहीत.

पहिल्या ओढीनंतर किती उरले हे कळायला साधा हिशेब आहे, पण दोन्ही ओढी सारख्याच मेहनतीच्या हव्यात. पहिल्या ओढीत आलेले मासे, त्यांचा वर्ग, भागिले पहिल्या आणि दुसऱ्या ओढीतला फरक. पहिल्यात 260 आणि दुसऱ्यात 110 आले तर 67,600 भागिले 150, म्हणजे 450 होते. 370 बाहेर आले, 80 उरले. इथे चूक उलट्या दिशेची असते. पहिल्या ओढीने घाबरलेले मासे दुसऱ्या वेळी कमी सापडतात, फरक मोठा दिसतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणजे 80 नाहीत, शंभराच्या वर असतील, आणि त्यात बहुतेक मृगळ. त्यासाठी तिसरी ओढ परवडते का, हे मजुरी आणि 30-40 किलो मासळीचा दर मांडून ठरवा. बहुतेक वेळा त्यापेक्षा पाणी अजून अर्धा मीटर उपसून संध्याकाळी फेक जाळ्याने घेणे स्वस्त पडते. दोन्ही पकडींचे आकडे जातवार वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी बोटुकली किती घ्यायची हे त्यावरून ठरेल.

एकदाच सगळे काढत असाल तर पहाटेचा गारवा फायद्याचा. अर्धे ठेवायचे असतील तर मात्र पहाटे जाळे ओढू नका. तेव्हा पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि ढवळलेला गाळ उरलासुरला खातो. ऊन वर आल्यावर आठ-साडेआठला सुरू करा, आणि संपल्यावर पंपाचे पाणी फवाऱ्यासारखे परत तळ्यात पाडा. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करू लागले तर उरलेले काम तिथेच थांबवा.

बाहेर आलेला मासा स्वच्छ पाण्यात धुवा, उन्हात ठेवू नका. उन्हाळ्यात मासळीच्या वजनाइतका फोडलेला बर्फ लागतो: तळाला बर्फ, मग मासे, मग बर्फ. आदल्या दिवशी बर्फ आणि व्यापाऱ्याची गाडी दोन्ही पक्की झाल्याशिवाय पाण्यात जाळे घालू नका. काढणी झाल्यावर तळे कोरडे करायचा मोह होईल, पण फूटभर पाणी राहू द्या. रिकामे अस्तर वाऱ्याने उचलले जाते आणि उन्हाने कडक होते. चिलापी सापडली असेल तरच एकदा पूर्ण उपसून, एकही पिल्लू उरले नाही हे पाहून, लगेच भरा. काही जण यासाठी मोहाची पेंड टाका म्हणून सांगतात. अस्तराच्या तळ्यात तिची गरज नाही, आणि टाकलीच तर तिचा विषारीपणा दोन-तीन आठवडे उतरत नाही, तेवढा काळ नवे बी सोडता येत नाही.